ग्राफिक्स कार्ड तापतंय, ओरडतंय: निदान, वॉरंटी आणि शेवटी स्क्रू-ड्रायव्हर

हे कार्ड बेळगावातल्या वडगावच्या एका एडिटिंगच्या खोलीतल्या मशिनमधलं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, दोन पंख्यांचं, १७० वॅटचं. मार्च २०२२ मध्ये कोल्हापुरात घेतलेलं, ३ वर्षांच्या वॉरंटीचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये लग्नांचं फुटेज रेंडरला लावलं की पाचेक मिनिटांत दोन्ही पंखे पूर्ण वेग पकडायचे, आवाज शेजारच्या खोलीत जायचा, आणि एवढं करूनही रेंडर आधीपेक्षा हळू. जूनपर्यंत प्रकरण मिटलं. मधल्या काळात वॉरंटीची पत्रापत्री झाली, कार्ड बेंगळुरूला जाऊन आलं आणि अखेर ते उघडावं लागलं. ज्यांचं कार्ड असंच तापतंय आणि दुकानदार ‘नवीनच घ्या’ म्हणतोय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं झालं त्या क्रमानं लिहितो.

पहिलं काम मोजण्याचं. ‘लई तापतंय’ हे वाक्य ना दुकानात चालतं ना सर्व्हिस सेंटरला. एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड ही कार्डाचे आकडे दाखवणारी दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सेन्सरची खिडकी उघडून लॉगिंग चालू करायचं आणि रोजचंच काम लावायचं. आमच्याकडे ते काम म्हणजे रात्रीच्या वरातीचं फुटेज, वर नॉइज रिडक्शन. नुसतं एक्स्पोर्ट करताना कार्डातला एन्कोडर चालतो, त्यानं फारसा ताप होत नाही. नॉइज रिडक्शन, कलर ग्रेडिंग, थ्रीडी टायटल यांत खरी चिप राबते. फरमार्कसारखं कार्डाला पिळून काढणारं टेस्ट मुद्दाम टाळलं. त्यात येणारा आकडा रोजच्या कामात येतच नाही. २० ते ३० मिनिटं चालू द्या; पारा चढायचा थांबला की मगच आकडा लिहा.

पाच गोष्टी लिहून ठेवायच्या: खोलीचं तापमान (साधा भिंतीवरचा थर्मामीटर पुरतो), चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरच्या सगळ्यांत तापलेल्या जागेचं तापमान), पंख्याचे फेरे आणि कार्ड खात असलेले वॅट. आमचे आकडे असे आले: खोली ३१ अंश, चिप ८४, हॉटस्पॉट १०६, पंखे सुमारे ३,००० आरपीएम. जीपीयू-झेडमध्ये ‘पर्फकॅप रीझन’ नावाची एक ओळ असते. कार्ड वेग कशामुळे आवरतंय ते ती सांगते. तिथं थर्मल दिसत होतं. या पिढीच्या कार्डांची नेहमीची तापमानमर्यादा ८३ अंशांवर बेतलेली असते. तिथं पोचलं की कार्ड आपला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणतं. रेंडर हळू व्हायचं कारण तिथंच मिळालं.

या आकड्यांत दोन वजाबाक्या दडल्या आहेत, आणि सगळं निदान त्यांवरच चालतं. पहिली, चिप वजा खोली: ८४ वजा ३१, म्हणजे ५३. हवा उष्णता किती उचलून नेते ते हा आकडा सांगतो, आणि ऋतू बदलला तरी तो फारसा हलत नाही. ‘हिवाळ्यात बरं होतं, आता बिघडलं’ म्हणणाऱ्याचं कार्ड बऱ्याचदा तेच आणि तसंच असतं, खोली बदललेली असते. दुसरी, हॉटस्पॉट वजा चिप: १०६ वजा ८४, म्हणजे २२. चिप आणि हीटसिंक (तिची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) एकमेकांना नीट चिकटले आहेत का, हे त्यावरून कळतं. १० ते १५ असेल तर काळजी नको. २० च्या वर गेला की त्या दोघांमधली उष्णता पोचवणारी पेस्ट सरकली किंवा वाळली, नाहीतर हीटसिंक तिरका बसलाय. पहिली वजाबाकी मोठी आणि दुसरी लहान असेल, तर कार्ड उघडू नका. धूळ, पंखे, कॅबिनेट बघा. आमच्या दोन्ही मोठ्या होत्या.

मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच रेंडर पुन्हा. ८४ चे ८० झाले. झाकण काढल्यावर ८-१० अंश उतरले, तर खोट कॅबिनेटच्या हवेत आहे आणि दोन पंखे लावून काम भागतं. चार उतरले याचा अर्थ थोडी खोट कॅबिनेटची, बाकी कार्डाची.

आवाजाचंही असंच वेगळं करून ऐकावं लागतं. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंगं बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचं ऑटो बंद करून ३०, ५०, ७०, १०० टक्के असं हातानं लावत गेलो. हवेचा सूं आवाज टक्क्यांबरोबर वाढत जातो, तो दोष नव्हे. ५५ टक्क्यांच्या आसपासच प्लॅस्टिकचं कव्हर थरथरत असेल तर तो कंप. एखादा सैल स्क्रू आवळला की जातो. कमी वेगालाही घरघर येत असेल तर बेअरिंग गेलं. आणि पंखे थांबलेले असताना बारीक किणकिण येत असेल, स्क्रीनवर फ्रेमरेट बदलला की तिचा सूर बदलत असेल, तर ती कॉइलची, म्हणजे बोर्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांची. तिच्यावर पेस्ट-पंखा काही चालत नाही. आमच्याकडे हवेचा आवाज तर होताच, पण ३० टक्क्यांनाही एका पंख्याची घरघर होती. त्यावर हलकं बोट ठेवून तो थांबवला की घरघर बंद. कोणता पंखा ते तिथंच ठरलं. (बोट मधल्या गोल भागावर, पात्यांवर नाही.)

आता धूळ. वडगाव, शहापूर, खासबाग भागात माग चालतात. त्यांच्याजवळ कॉम्प्युटर ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. उद्यमबागेकडची (कारखान्यांच्या वसाहतीची) किंवा खानापूर रोडची धूळ कोरडी असते, फुंकली की उडते. मागाच्या सुताचे बारीक तंतू उडत नाहीत. ते पंख्यातून आत ओढले जातात, हीटसिंकच्या पट्ट्यांच्या तोंडाशी अडकतात आणि एकमेकांत गुंततात. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा पट्ट्यांत शिरतच नाही. वरून पंख्यातून ब्लोअर मारला तर हा थर आणखी घट्ट बसतो. म्हणून हवा उलट दिशेनं मारायची: पट्ट्या जिथं बाहेर उघडतात त्या कडेनं, पंख्याकडे. मारताना पंखे हातानं धरून ठेवा. हवेनं ते बेफाम फिरले तर बेअरिंगला मार बसतो, आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करते, ती सर्किटला बरी नाही. हातातला ५००-६०० वॅटचा इलेक्ट्रिक ब्लोअर पुरे, वीतभर अंतरावरून. टायरवाल्याच्या कंप्रेसरकडे कार्ड नेऊ नका. त्याच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, पावसाळ्यात तर जास्तच, आणि दाब एवढा की पंख्याचं पातं मोडू शकतं. नुसत्या ब्लोअरनं आमचे ३-४ अंश उतरले. आत थर राहिला होता हे दिसत होतं, पण कव्हर उघडायचं म्हणजे एका स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाडायचं. वॉरंटी संपायला महिना होता.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी तक्रार नोंदवली. भारतात बऱ्याच कार्डांची वॉरंटी बनवणारी कंपनी स्वतः बघत नाही, आयात करणारा वितरक बघतो; खोक्यावर किंवा बिलावर त्याचं नाव असतं, आधी ते शोधा. ऑनलाइन फॉर्ममध्ये सिरियल नंबर, बिलाची पीडीएफ, दोषाचं वर्णन आणि कार्डावरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो लागला. सिरियल नंबर खोक्यावरचा आणि कार्डावरचा जुळला पाहिजे, नाहीतर तिथंच अडतं. एक खबरदारी: तक्रारीचे आकडे काढताना आफ्टरबर्नरमधले सगळे बदल रीसेट करा. ‘सेटिंग बदललेलं आहे’ म्हणून फाइल बंद करायला निमित्त मिळायला नको.

आम्हा सीमाभागातल्यांची एक नेहमीची गंमत इथंही आली. बिल कोल्हापूरचं, म्हणजे दुकानाचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा, आणि पत्ता बेळगावचा, जिथले नंबर २९ नं सुरू होतात. मेलवर पहिलं उत्तर आलं ते ‘घेतलेल्या राज्यात जमा करा’ असं. वॉरंटीच्या कार्डावर मात्र देशभर लागू असं छापलेलं होतं. त्याचा फोटो जोडून परत लिहिल्यावर बेंगळुरूचा पत्ता आणि आरएमए नंबर (माल परत पाठवायच्या मंजुरीचा) मिळाला. भांडत बसू नका, छापील ओळ जोडा आणि एकाच मेलच्या साखळीत उत्तर देत राहा. नवीन मेल टाकला की नवीन माणूस, आणि कथा पहिल्यापासून.

कुरिअरच्या काउंटरवर कागद मागतात. वस्तूची किंमत ५०,००० च्या आत असल्यानं ई-वे बिल लागत नाही. एक साधं पत्र लागतं: वस्तू जुनी आहे, विक्रीसाठी नाही, वॉरंटी दुरुस्तीसाठी पाठवत आहे, अंदाजे किंमत अमुक. खाली सही, सोबत आधारची झेरॉक्स. पत्राच्या दोन प्रती काढा, एक खोक्याच्या बाहेर पिशवीत लागते. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, त्यावर बबल रॅप, खोक्यात ते हलता कामा नये. पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवला. विम्यासकट पाचशेच्या आत खर्च झाला, आणि जाण्याचा खर्च ग्राहकाचाच असतो. तेवढे दिवस जुनं ४ जीबीचं कार्ड लावून रडतखडत काम ओढलं. तसं कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते आधी बघा, नाहीतर मशिन बंदच राहील.

मार्च संपता संपता कार्ड परत आलं. सोबत एका ओळीचा अहवाल: चाचणीत ७६ अंश, कमाल मर्यादा ९३, दोष आढळला नाही. संताप आला, खोटं कशाला सांगा. पण कागद नीट वाचला तर त्यात आमचंच म्हणणं होतं. चाचणी २४ अंशांच्या एसी खोलीत, उघड्या टेबलावर केलेली. ७६ वजा २४ म्हणजे ५२. बेळगावच्या खोलीतले ५३ आणि तिथले ५२! कार्ड तिथंही तेवढंच तापत होतं, फक्त थंड हवेत. पंखा किती वेगानं फिरत होता, हॉटस्पॉट किती होता, याचा उल्लेख नाही. पंख्याच्या घरघरीबद्दलही अवाक्षर नाही. मी वजाबाकी मांडून मेल टाकला, उत्तर आलं की तापमान मर्यादेच्या आत आहे. नियमानं ते बरोबरच. मर्यादा चिपच्या आकड्याला आहे, फरकाला नाही. तोवर वॉरंटीची तारीख उलटून गेली होती. तुमचं कार्ड अजून वॉरंटीत असेल तर तक्रार तापमानाची करू नका, पंख्याच्या आवाजाची करा, व्हिडिओसकट. घरघर ऐकू येणारा दोष आहे, आकड्यांच्या मर्यादेत तो बसवता येत नाही.

कार्ड परत बसवल्यावर पैसे न लागणारा इलाज आधी केला, तो म्हणजे अंडरव्होल्ट, चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करणं. कारखान्यातून येणारं कार्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेतं, कारण लाखभर चिपांपैकी सगळ्यांत मठ्ठ चिपही त्यावर चालली पाहिजे. आमचं कार्ड १,९०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका व्होल्टच्या वर चालत होतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की व्होल्टेजचा वक्र उघडतो. आधी कोअर क्लॉकचा स्लायडर खूप खाली, उणे २५०-३०० वर न्यायचा, म्हणजे सगळा वक्र खाली बसतो. मग ८५० मिलिव्होल्टवरचा एकच ठिपका धरून १,८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढायचा आणि अप्लाय. त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके आपोआप सपाट होतात, आणि कार्ड ८५० च्या वर जायचं बंद होतं. मग तेच जड रेंडर तासभर. मधेच ड्रायव्हर पडला, रेंडरमध्ये रंगीत चौकोन उमटले, तर १५ मेगाहर्ट्झनं खाली या. ही कार्डं १५ च्याच पायऱ्यांनी चालतात. जमलं की प्रोफाइलमध्ये सेव्ह करा आणि विंडोज सुरू होताना लागू व्हायचं बटण दाबा. सेव्ह केल्याकेल्या ते बटण दाबू नका, दोन-चार दिवस काम करून बघा. नाहीतर अस्थिर सेटिंग प्रत्येक बूटला लागत राहतं.

१७० वॅटचे १२५ झाले. रेंडरचा वेळ वाढला नाही, उलट थोडा कमी झाला, कारण तापून क्लॉक पडायचं थांबलं. खोली ३२, चिप ७४, पंखे २,३०० वर. ज्यांना वक्राशी खेळायची भीती वाटते त्यांनी नुसता पॉवर लिमिटचा स्लायडर ८० टक्क्यांवर आणावा. फायदा थोडा कमी, पण बिघडण्यासारखं काही नाही. पंख्याचा वक्रही इथंच बदलला. पंखे ५० अंशांच्या खाली थांबतात, आणि मशिन नेमकं ५० च्या आसपास असलं की चालू-बंद, चालू-बंद करत बसतात. आफ्टरबर्नरमध्ये हिस्टरेसिस (तापमान किती उतरल्यावर पंख्यानं वेग कमी करायचा ते अंतर) ४ अंश दिलं की हा चाळा थांबतो.

खूप जणांचं काम एवढ्यावर भागेल. हॉटस्पॉटचा फरक मात्र अजून १९-२० होता, आणि घरघर जिथल्या तिथं.

एप्रिलमध्ये सामान जमवलं. पीएच०० ते पीएच१ चे चुंबकी स्क्रू-ड्रायव्हर, खडेबाजारात कुठंही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल: मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्क्यांचं स्पिरिट, त्यात पाणी असतं. मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्याकडे ९९ चं मिळालं. पेस्टच्या ऐवजी पीटीएम ७९५० नावाची फेज-चेंज शीट मागवली. कार्डाची चिप उघडी असते, प्रोसेसरसारखं तिच्यावर धातूचं झाकण नसतं. गरम-थंड होताना ती किंचित वाकते आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. एमएक्स-४ सारखी पेस्ट पहिल्या आठवड्यात छान आकडे देते आणि काही महिन्यांत फरक पुन्हा वाढतो, तो यामुळे. ही शीट ४५ अंशांच्या पुढे मऊ होऊन पसरते आणि जागा सोडत नाही. नकली माल भरपूर आहे, फार स्वस्त दिसली तर घेऊ नका.

मेमरी चिपांवरचे थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधले मऊ रबरी तुकडे) उघडताना फाटणार हे गृहीत धरा. या १२ जीबीच्या कार्डावर मेमरीच्या सहा चिपा आहेत, शिवाय व्होल्टेज रेग्युलेटरवर एक लांब पट्टी. पॅडची जाडी हा सगळ्यांत नाजूक भाग. एकाच मॉडेलच्या दोन कंपन्यांच्या कार्डांतही ती वेगळी असते, नेटवरची यादी डोळे मिटून घेऊ नका. जुन्या पॅडचा दबलेला भाग मोजून उपयोग नाही, चिपच्या बाहेर आलेली न दबलेली कड मोजायची. बेळगावात एक सोय आहे: उद्यमबागेत ज्या शेडमध्ये जाल तिथं व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असतो. ओळखीच्या एका टर्नरमामांकडे पॅडचा तुकडा नेला. त्यांनी सवयीनं जबडा आवळायला घेतला. “मामा, दाबू नका, नुसतं टेकवा.” “मग सांगा की तसं. रबर मोजायला पहिल्यांदाच आलंय बघा.” मेमरीवर १.५ मिमी निघाला, रेग्युलेटरवर २. जाड पॅड घातला तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा चढतो. पातळ घातला तर मेमरीला हीटसिंक टेकतच नाही. ३०६० मध्ये मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरला दिसत नाही, त्यामुळे दुसरी चूक कळतही नाही. म्हणून आधी कोरडी तालीम.

उघडण्याआधी मशिन दहा मिनिटं राबवून कार्ड कोमट करा, पेस्ट सैल होते. मग शटडाउन, एसएमपीएसचं (मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बटण बंद, वायर काढून पॉवरचं बटण एकदा दाबायचं म्हणजे उरलेली वीज निघून जाते. ८ पिनचा कनेक्टर आणि स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड बाहेर. मागच्या बाजूला चिपच्या चार कोपऱ्यांना स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. ते अर्धा-अर्धा फेरा, तिरक्या जोडीनं सैल करा. एक कोपरा पूर्ण मोकळा करून दुसरा आवळलेला ठेवला तर चिपच्या कडेचा टवका उडतो. बाकीचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर कार्डाचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. हीटसिंक निघेना म्हणून स्क्रू-ड्रायव्हरनं उचकू नका, हलकं डावी-उजवीकडे वळवा. आणि सुटला की झटक्यानं ओढू नका, पंख्यांच्या वायरी आखूड असतात. कनेक्टर नखानं दोन्ही बाजूंनी सरकवून काढा, वायर धरून ओढलात तर बोर्डावरचं सॉकेटच हातात येतं.

आत दोन गोष्टी दिसल्या. चिपच्या मधोमध पेस्ट जवळजवळ नव्हती, राखाडी चमक तेवढी; सगळी कडेला वाळून गोळा झालेली. आणि प्लॅस्टिकचं कव्हर काढल्यावर पट्ट्यांच्या तोंडावर सुताचा नमद्यासारखा थर, पांढरा, मधे जरीचे दोन-तीन चमकते धागे. चिमट्यानं एका कोपऱ्यातून धरला तर अखंड निघून आला. तीन वर्षांचा ब्लोअर त्याला हलवू शकला नव्हता. हीटसिंक सुटा झाल्यावर तो पाण्यानं धुता येतो, मात्र पूर्ण वाळवून. आम्ही ब्रश आणि अल्कोहोलवर भागवलं.

जुनी पेस्ट अल्कोहोलनं भिजवून कॉफी फिल्टरच्या कागदानं पुसली, कारण कापसाचे तंतू राहतात. मग ती तालीम: नवे पॅड बसवले, चिपवर साधी पेस्ट थोडीशी लावली, सगळे स्क्रू आवळले आणि पुन्हा उघडलं. पेस्ट चारही कोपऱ्यांपर्यंत पसरलेली आणि प्रत्येक पॅडवर मेमरी चिपेचा चौकोन उमटलेला, असं दिसलं तरच पुढं जायचं. हा कंटाळवाणा प्रकार आहे, पण याच्याशिवाय जाडी बरोबर निघाली की नाही कळायला दुसरा मार्ग नाही. पुन्हा पुसलं. शीट चिपेपेक्षा जराशी मोठी कापली, पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली. खोलीच्या गरमीत तिच्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा निघता निघत नाही, शीटच त्याच्याबरोबर येते; गार असली की नखानं सुटतो. एक बाजू सोलून चिपवर टेकवली, बोटानं दाबली, मग वरची सोलली. स्क्रू पुन्हा तिरक्या जोडीनं, थांबेपर्यंत. पुढं जोर नाही.

पहिल्या दिवशी फरक १५ आला. घाबरू नका, शीटला बसायला काही वेळा गरम-थंड व्हावं लागतं. आठवड्यानं तो १२ वर स्थिरावला. मेच्या पहिल्या आठवड्यात शिवजयंतीच्या चित्ररथांचं फुटेज चढवलं तेव्हा खोली ३४, चिप ६७, हॉटस्पॉट ७९, पंखे १,७०० वर. म्हणजे पहिली वजाबाकी ५३ ची ३३.

राहिला पंखा. शिलाई मशिनच्या तेलाचा उपाय सगळे सांगतात: मधलं स्टिकर सोलून, रबराची बुची असेल तर काढून, एक थेंब. घरघर थांबते, पण महिना-दोन महिने, आणि तेल जास्त झालं तर पातं उडवून बोर्डावर शिंपडतं. नवा पंखा येईपर्यंतचा इलाज म्हणून ठीक. पंखा मागवताना कार्डाचं नाव देऊन भागत नाही. पंख्याच्या मागच्या लेबलावरचा मॉडेल नंबर, १२ व्होल्टच्या पुढचा अँपिअरचा आकडा, पात्यांचा व्यास, तीन स्क्रूंमधलं अंतर आणि कनेक्टरच्या पिना, एवढं जुळवा. काही कार्डांत दोन पंखे उलटसुलट दिशेला फिरतात, पात्यांचा कल बघा. शेजारचा पंखा त्याच वयाचा असल्यानं जोडीच घेतली, तेराशेच्या घरात. ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘तीन ते पाच दिवस’ लिहिलं होतं. माल बाहेर देशातून येणार होता, मे जवळजवळ सरला. बसवायला मात्र अर्धा तास, कारण फक्त कव्हर काढावं लागतं, हीटसिंक हलवावा लागत नाही.

कॅबिनेटचं काम जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी. टेबलाच्या प्लायवूडच्या खणात ठेवलेलं कॅबिनेट बाहेर काढलं. त्या खणात तीच गरम हवा गोल गोल फिरत होती. पुढं १२० मिमीचे दोन पंखे आत ओढणारे, मागं एक बाहेर फेकणारा. पुढच्या जाळीवर डासांच्या जाळीचा नायलॉनचा तुकडा चुंबकाच्या पट्टीनं लावला. बारीक धूळ त्यातून जाते, पण सुताचे तंतू अडकतात, आणि वडगावात तेवढंच पाहिजे. दर शनिवारी काढून झटकायचा. विसरलात तर तीच जाळी हवा अडवते आणि आकडे दोन-तीन अंशांनी चढलेले दिसतात.

एकूण खर्च कुरिअर आणि ब्लोअर धरून पाच हजारांच्या थोडा आत. त्यातला कुरिअरचा फुकट गेला, ब्लोअर खोलीभर वापरात आहे. मोबाइलवरच्या डेसिबलच्या अॅपचा आकडा प्रमाण मानू नये, पण एकाच फोननं, एकाच जागेवरून घेतलेला आधीचा-नंतरचा फरक खरा असतो: ५२ चे ४० झाले.

आवाज कमी झाल्यावर आधी त्यात बुडालेली कॉइलची किणकिण आता ऐकू येते, मुख्यतः थ्रीडी टायटल फिरवताना, जेव्हा प्रिव्ह्यू शेकडो फ्रेमनं पळतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये त्या सॉफ्टवेअरपुरता कमाल फ्रेमरेट ६० वर बांधला आहे. त्यानं ती बरीच दबते, पूर्ण जात नाही.